ॲड्रेस बार खाली गेला, आणि पावती कुठे गेली? गांधीबागेतल्या एका औषध वितरकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या गांधीबागेत औषधांचा घाऊक बाजार आहे. तिथला एक मध्यम आकाराचा वितरक आणि त्याची ऑर्डर घेणारी मुलं यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं. नाव, माणसं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत.

काम साधं. प्रत्येक सेल्समनची लाइन ठरलेली: कोणी कामठी, कोणी सावनेर-कळमेश्वर, कोणी काटोल, कोणी उमरेड. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये कार्यालयाचं ऑर्डर-पान उघडतो, दुकान निवडतो, मालाची ओळ, नग आणि स्कीम टाकतो आणि तळाचं 'ऑर्डर पाठवा' बटण दाबतो. समोर येणारं पावतीचं पान ब्राउझरच्या मेनूतून पीडीएफ करतो आणि तिथल्या तिथे दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. दुसऱ्या दिवशी माल आला की दुकानदार त्याच पीडीएफवर बोट ठेवून माल जुळवतो. दहावर एक फुकटची स्कीम बोलली होती की नव्हती, याचा निकालही त्या कागदावरच लागतो.

ब्राउझर होता फायरफॉक्स. कारणं तीन. पान बनवणाऱ्याने ते त्यातच तपासलं होतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचे छोटे पूरक प्रोग्राम) चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन चालत होतं, त्यामुळे डेटा वाचत होता. आणि पान पीडीएफ म्हणून जतन करायची सोय मेनूतच होती. तिसरं कारण कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ते हातांच्या सवयीत होतं.

फोन मुलांचे स्वतःचे, बहुतेक दोन-तीन जीबी रॅमचे. कार्यालयात संगणकाचं पाहणारा माणूस एकच, आणि तोच हिशेबही पाहायचा.

काय बदललं

अँड्रॉइडवरचा जुना फायरफॉक्स 68 व्या आवृत्तीवर थांबला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये थेट 79 आला. मधले आकडे फोनवर आलेच नाहीत, कारण ही डागडुजी नव्हती. ॲप नव्याने लिहिलेलं होतं, आतलं इंजिनही गेकोव्ह्यू या नव्या रचनेत बसवलं होतं. ते जुन्यापेक्षा वेगवान होतं आणि ट्रॅकर (वापरणाऱ्याचा माग काढणारे कोड) अडवणं पहिल्यापासून चालू होतं. पण वापरणाऱ्याला दिसलं ते वेगळंच.

ॲड्रेस बार मुळातच खाली. तीन ठिपक्यांचा मेनूही खालून वर उघडणारा. उघडल्याबरोबर ठरावीक पान दाखवायची, म्हणजे स्वतःचं होमपेज ठेवायची सोय गेली. पीडीएफ करायची सोय गेली. आधी हवं ते ॲड-ऑन घेता येत होतं, आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली (युब्लॉक ओरिजिन त्यांत होतं, हे नशीब). बारीकसारीक बदल करणाऱ्यांचं कॉन्फिग पान नेहमीच्या आवृत्तीतून काढलं. प्ले स्टोअरवर एका ताऱ्याचे शेरे भराभर पडू लागले.

अपडेट जगभर पसरलं ते महालक्ष्म्यांच्या सुमारास. विदर्भात त्या दिवसांत अर्धा कर्मचारीवर्ग घरी असतो. ज्यांच्या प्ले स्टोअरमध्ये 'फक्त वाय-फायवर अपडेट' असं ठेवलेलं होतं आणि घरी वाय-फाय होतं, त्यांचे फोन सुटीतच बदलले. बाकीच्यांचे मागाहून, एकेक करून. त्यामुळे सुटी संपली तेव्हा निम्म्या लोकांकडे जुना ब्राउझर होता, निम्म्यांकडे नवा.

समस्या

पहिला फोन आला तो अपेक्षित. भाऊ, वरची पट्टी कुठी गेली? मग तसेच आणखी. कार्यालयातून उत्तर गेलं: वर उजवीकडे तीन ठिपके दाबा. नव्या ब्राउझरमध्ये वर उजवीकडे काहीच नव्हतं. पुढच्याला सांगितलं: खाली उजवीकडे दाबा. त्याच्याकडे अजून जुनाच होता. अर्धा दिवस असा गेला. मग एक नियम ठरला: फोन उचलला की आधी विचारायचं, पट्टी वर आहे का खाली. इतक्या साध्या प्रश्नाने निम्मा गोंधळ मिटला.

तक्रारी दोन जातींच्या होत्या, आणि इथेच कार्यालयाची पहिली गफलत झाली.

मोठ्या आवाजाच्या तक्रारी दिसण्याच्या होत्या. पट्टी खाली, टॅबची यादी वेगळी, रंग गडद. फोनची थीम गडद असेल तर नवा ब्राउझरही गडद होतो, आणि दुपारी मेडिकलसमोरच्या उन्हात गडद पडद्यावर औषधाचं नाव वाचणं जिवावर येतं. या तक्रारींचा सूर सगळ्यांचा सारखा: जुनंच बरं होतं.

हळू आवाजाची तक्रार मात्र जवळपास आलीच नाही. पीडीएफचा पर्याय सापडेना तेव्हा मुलांनी कार्यालयाला न विचारता स्क्रीनशॉट काढून पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीने काम भागलं होतं. पण वीस-पंचवीस ओळींची ऑर्डर एका स्क्रीनशॉटमध्ये मावत नाही. तीन-चार काढावे लागतात, त्यांतला एखादा सुटतो, आणि ऑर्डर क्रमांक नेमका एकाच चित्रात असतो. लांब स्क्रीनशॉट काही फोनमध्ये निघतो, काहींत नाही. शिवाय व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक आकडे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या पीडीएफला हा त्रास नसतो.

परिणाम लगेच दिसला नाही. आठवडा उलटल्यावर दुकानदारांचे फोन वाढले: स्कीमचा एक नग कमी आला, अमुक ओळ मी दिलीच नव्हती. नेमका तो सप्टेंबरचा काळ, नागपुरात कोरोनाचे रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि औषधांच्या ऑर्डरींचा ओघ मोठा होता. वाद वाढले ते गर्दीमुळे, असा सगळ्यांचा समज झाला. ब्राउझरशी त्याचा संबंध कोणी लावला नाही.

एक तिसरी अडचण होती, ती सर्वांत मजेशीर. ॲड्रेस बार खाली आणण्यामागचं कारण असं की मोठ्या फोनवर एका हाताने वापरताना अंगठा वरपर्यंत पोचत नाही. एका हातात बॅग आणि दुसऱ्यात फोन घेऊन काउंटरवर उभा असलेला सेल्समन म्हणजे या कारणाचं चालतं-बोलतं उदाहरण. बदल त्याच्या सोयीचाच व्हायला हवा होता. पण कार्यालयाच्या पानावर 'ऑर्डर पाठवा' हे बटणही पडद्याच्या तळाला चिकटवलेलं होतं. आधी त्याच्याखाली काही नव्हतं. आता लगेच खाली ॲड्रेस बार. अंगठा जरा खाली पडला की कीबोर्ड उघडायचा, बटण दिसेनासं व्हायचं, आणि ऑर्डर गेली की नाही हे कळायचं नाही. काहींनी ती पुन्हा पाठवली. दुबार ऑर्डरी इथून आल्या.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता: जुनी आवृत्ती परत टाका. अँड्रॉइड नव्या आवृत्तीवर जुनी बसवू देत नाही. आधी ॲप काढावं लागतं, आणि काढलं की त्यातल्या खुणा (बुकमार्क), पासवर्ड, उघडी पानं सगळं जातं. खात्याशी सिंक केलेलं असेल तेवढंच परत येतं. एका सेल्समनने कोणाला न सांगता हे केलं, कुठल्याशा साइटवरून एपीके (ॲप बसवायची फाइल) उतरवून. पासवर्ड गेले, आणि प्ले स्टोअरने रात्रीत पुन्हा नवी आवृत्ती टाकली, कारण ऑटो-अपडेट बंद करायचं राहिलं होतं. ते बंद करता येतं (प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान, तीन ठिपके, स्वयंचलित अपडेटची खूण काढणे), पण खरी अडचण पुढची होती. 68 च्या पिढीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं. ज्या ब्राउझरमध्ये कार्यालयाचं लॉगिन आहे तो असा गोठवून ठेवणं म्हणजे आजची किरकिर टाळून उद्याची चोरी ओढवून घेणं. हा पर्याय नाकारला, आणि तो निर्णय बरोबर होता.

दुसरा पर्याय क्रोम. तो प्रत्येक फोनमध्ये होताच. शेअरमधून प्रिंट, तिथे प्रिंटरऐवजी पीडीएफ निवडलं की फाइल तयार. विरोधात तीन गोष्टी. फायरफॉक्समधले पासवर्ड फोनवर आपोआप क्रोममध्ये जात नाहीत, आणि अर्ध्या मुलांना आपला पासवर्ड आठवत नव्हता. जाहिराती अडवणारं ॲड-ऑन मिळणार नव्हतं. आणि फाइलचं नाव पानाच्या शीर्षकावरून पडतं. कार्यालयाच्या सर्व पावत्यांचं शीर्षक एकच, त्यामुळे फोनमध्ये सारख्या नावाच्या, फक्त कंसातला आकडा वेगळा अशा फाइलींची रांग लागली. चुकीची पावती चुकीच्या दुकानाला जायला एवढं पुरतं.

तिसरा पर्याय नव्या फायरफॉक्सवरच राहायचा आणि पीडीएफचं काम ब्राउझरकडून काढून सर्व्हरवर न्यायचा. यात पान बनवणाऱ्याचे पैसे आणि वेळ दोन्ही जाणार होते.

चौथा, स्वतंत्र ॲप बनवून घेण्याचा, बोलण्यातच राहिला. मालकांनी रक्कम ऐकली आणि विषय संपला.

केलेली कृती

पहिल्या दोन दिवसांत आवाज शांत करणारी कामं झाली. प्रत्येक फोनमध्ये सेटिंग्जमधल्या रूपबदलाच्या विभागात जाऊन टूलबार, म्हणजे तीच पट्टी, वर आणला. हा पर्याय पहिल्या दिवसापासून होता, पण तक्रार करणाऱ्यांपैकी कोणी सेटिंग्ज उघडून पाहिल्या नव्हत्या. थीम उजळ केली. होमपेजची सोय नसल्यामुळे ऑर्डर-पानाचा शॉर्टकट फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवला: पान उघडायचं, मेनू, 'मुख्य पडद्यावर जोडा'. माहीतगाराला प्रत्येक फोनमागे पाच मिनिटं पुरतात. लाइनवर असलेल्याला फोनवरून समजावून सांगायचं तर वेळ तिप्पट, म्हणून सकाळी माल भरताना सगळ्यांचे फोन गोळा करून हे उरकलं.

यानंतर तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि कार्यालयाने प्रकरण मिटल्याचं धरलं. निर्णयाचा खरा टप्पा इथे होता आणि तो हातचा गेला. पट्टी वर आली म्हणजे माणसं गप्प झाली. कामाची साखळी जुळली का, हे कोणी तपासलं नाही.

तपासायला भाग पाडलं ते हिशेबाने. महिन्याच्या मध्यावर परत आलेल्या मालाच्या आणि वादातल्या बिलांच्या नोंदी समोर ठेवल्या, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली: वाद झालेल्या बहुतेक ऑर्डरींच्या पावत्या व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून गेल्या होत्या. ज्या सेल्समनचा फोन अजून जुन्या आवृत्तीवर होता, त्याच्या लाइनवर वाद जवळपास नव्हते. त्या दोन याद्या शेजारी ठेवायला दहा मिनिटं लागली. त्या ठेवल्या नसत्या तर खापर मुलांच्या हलगर्जीपणावर फुटलं असतं.

मग दोन गोष्टी बरोबरीने झाल्या. तात्पुरती म्हणून क्रोममधून पीडीएफ, त्यासाठी पावतीच्या पानाचं शीर्षक बदलून त्यात ऑर्डर क्रमांक, दुकान आणि तारीख घातली. फाइलींच्या नावांचा घोळ तिथेच संपला. कायमची म्हणून पावतीच्या पानावर 'पीडीएफ उतरवा' असं बटण, जे फाइल सर्व्हरवर तयार करून देतं.

सर्व्हरवरच्या पीडीएफने आपला वेगळा त्रास दिला. पहिल्या प्रयत्नात वापरलेल्या पीडीएफ लायब्ररीला (पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडला) देवनागरी जुळवता येत नव्हती. ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे पडायचा, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायची, आणि 'श्री' असलेलं प्रत्येक दुकान विचित्र दिसायचं. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टचा नसून अक्षरं जुळवण्याच्या पायरीचा असतो आणि अनेक साध्या लायब्ऱ्यांत ती पायरीच नसते. शेवटी सर्व्हरवर हेडलेस क्रोमियम (पडद्याशिवाय चालणारा ब्राउझर) चालवून त्याच एचटीएमएल पानाची पीडीएफ काढली. ब्राउझर पडद्यावर अक्षरं जशी जुळवतो तशीच तो पीडीएफमध्येही जुळवतो. छपाईसाठी वेगळी सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारा कोड) लिहिली: तक्त्याचं शीर्षक प्रत्येक पानावर, एकही ओळ दोन पानांत तुटणार नाही, बटणं आणि मेनू लपवलेले.

'ऑर्डर पाठवा' बटण तळापासून सोडवून यादीच्या शेवटी आणलं, उंची 48 डीपी ठेवली (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप; गूगलच्या रचना-सूचनांत बोटासाठी कमीत कमी तेवढी सांगितलेली आहे) आणि खाली मोकळी जागा सोडली. एकदा दाबल्यावर ते निष्क्रिय होतं. ऑर्डर क्रमांक पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत येतो. तीच ऑर्डर पुन्हा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता आधीचाच क्रमांक परत देतो. खरं तर हे शेवटचं काम पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, ब्राउझर बदलो न बदलो. उमरेडच्या लाइनवर मध्येच रेंज गेली की दुबार ऑर्डर तेव्हाही येतच होती, फक्त क्वचित.

परिणाम

सर्व्हरची पीडीएफ सुरू झाल्यावर पावतीवरून होणारे वाद पूर्वीच्या पातळीवर आले. दुबार ऑर्डरी मात्र पूर्वीपेक्षाही कमी झाल्या, कारण त्यांचं जुनं मूळही या निमित्ताने उपटलं गेलं. क्रोमची सवय लागलेले दोघं तिथेच राहिले. त्यांना परत आणायचा आग्रह कार्यालयाने धरला नाही, आणि आता धरायचं कारणही नव्हतं.

गंमत अशी की दोन तरुण मुलांनी काही दिवसांनी टूलबार आपणहून पुन्हा खाली नेला. त्यांचे फोन मोठे होते आणि बटण मध्ये येत नव्हतं. म्हणजे खालचा बार वाईट होता असं नव्हे. विचारल्याशिवाय आणि चुकीच्या बटणाला लागून आला, म्हणून तो खुपला. इतरांनाही हाच अनुभव आला. ॲपलने जून 2021 मध्ये आयओएस 15 च्या सफारीत बार खाली आणला, चाचणी आवृत्त्यांवर गदारोळ झाला, आणि सप्टेंबरात अंतिम आवृत्ती आली तेव्हा वर की खाली हा पर्याय सेटिंग्जमध्ये होता. अँड्रॉइडवरच्या क्रोमने खालचा बार 2025 मध्ये दिला, तोही ऐच्छिक. फायरफॉक्सने पर्याय पहिल्या दिवसापासून दिला होता, पण ज्या सोयी गेल्या त्यांना पर्याय नव्हता. ॲड-ऑनचं दार पूर्ण उघडायला तर डिसेंबर 2023 उजाडला.

काय वेगळं करता आलं असतं

हा बदल आकाशातून पडला नव्हता. नवा ब्राउझर 'फायरफॉक्स प्रिव्ह्यू' नावाने जून 2019 पासून प्ले स्टोअरवर होता. कार्यालयातल्या एखाद्या जुन्या फोनवर तो टाकून महिन्यातून एकदा एक पूर्ण ऑर्डर, लॉगिनपासून पावती व्हॉट्सॲपवर जाईपर्यंत, चालवून पाहिली असती, तर पीडीएफ नाही हे वर्षभर आधी कळलं असतं. आजही हाच मार्ग आहे: अँड्रॉइडवर फायरफॉक्स असो की क्रोम, त्याची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी नांदते. एका फोनवर ती ठेवायला खर्च नाही.

तक्रार नोंदवतानाचा प्रश्न चुकीचा होता. 'काय आवडलं नाही' असं विचारलं की पट्टी आणि रंग येतात. 'पूर्वी करत होता असं कोणतं काम आता होत नाही, आणि त्याऐवजी काय करता' असं विचारलं असतं तर स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी बाहेर आले असते. यातला दुसरा भाग जास्त मोलाचा, कारण ज्याने स्वतःपुरती वाट काढली तो तक्रार करत नाही.

ब्राउझर बनवणाऱ्यांपर्यंत मात्र या कार्यालयातून उपयोगाचं काहीच गेलं नाही. तिघा-चौघांनी एक तारा देऊन 'बेकार' असं लिहिलं. त्यातून कोणालाही काही दुरुस्त करता येत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ब्राउझरची आवृत्ती, आधी काय होत होतं, आता कोणत्या पायरीवर अडतं आणि त्यामुळे कोणतं काम खोळंबतं, इतकं चार ओळींत लिहिलं असतं तर ते मोजलं गेलं असतं.

आणि एक पर्याय तोललाच गेला नाही, जो कदाचित सर्वांत स्वस्त होता. ऑर्डर-पान एचटीटीपीएसवर होतंच. त्याला एक मॅनिफेस्ट फाइल (पान ॲपसारखं कसं उघडावं हे ब्राउझरला सांगणारी) जोडून त्यात प्रदर्शनाचा प्रकार 'स्टँडअलोन' ठेवला असता, तर मुख्य पडद्यावरच्या शॉर्टकटवरून पान स्वतंत्र ॲपसारखं, ॲड्रेस बारशिवाय उघडलं असतं. पट्टी वर की खाली हा प्रश्नच उरला नसता. हे फायरफॉक्समध्येही चालतं, क्रोममध्येही. मात्र बार गेला की ब्राउझरचा मेनूही जातो, म्हणून त्याआधी पीडीएफ आणि शेअरची बटणं पानावरच हवीत. सर्व्हरच्या पीडीएफला एक मर्यादाही आहे, जी अजून सुटलेली नाही: रेंज गेली की पावती उतरत नाही. जुना ब्राउझर पीडीएफ फोनवरच बनवायचा, त्याला नेटवर्क लागत नव्हतं. त्यामुळे उमरेडच्या लाइनवरचा सेल्समन ऑर्डर क्रमांक आजही आधी वहीत लिहितो आणि पीडीएफ पुढच्या गावाहून पाठवतो.